तिसरा प्रतिनिधी

माझ्या चुलतभावाचं अक्षर फार देखणं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तोंड वाकडं करायची पाळी येणार नाही. उर्दू असं लिहायचा की तहसीलचा पेशकार कागद हातात धरून नुसता बघत राहायचा. बोलणं थोडं, पण बोलला की चार माणसं मान हलवणार. फेटा बांधला की दिवसभर जागचा हलायचा नाही. माझा फेटा दुपारपर्यंत उजव्या कानावर उतरलेला असायचा. तो माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी थोरला. त्या आठ महिन्यांनी माझा जन्मभर घात केला.

आमचं गाव वाटूरपासून दीड कोसावर. राज्य निजामाचं. आम्ही दोघं नऊ-दहा वर्षांचे असताना भोकरदनहून आत्यानं निरोप धाडला, की इथं सरकारी शाळा आहे, घरातलं एक पोरगं पाठवा, माझ्याजवळ राहील. एकच. दोघांना ठेवून घेण्याइतकी तिच्या घरात जागा नव्हती, आणि दोघं गेले असते तर आमच्याकडं गुरांमागं कोण जाणार? आज्यानं दोघांना अंगणात उभं केलं. दोन मुठी पुढं धरल्या. एकीत दाणा, दुसरी रिकामी. दाणा ज्याला सापडेल तो शाळेत.

"थोरल्यानं आधी सांगायचं," आजा म्हणाला.

त्यानं डाव्या मुठीवर बोट ठेवलं. आज्यानं मूठ उघडली, आत ज्वारीचा टपोरा दाणा. मला सांगायला काही उरलंच नाही. मी उजव्या मुठीकडं बघत राहिलो, तर आज्यानं तीही उघडून दाखवली. रिकामी. मी तिथंच पाय आपटून रडलो, आणि आईनं मला पाठीत धपाटा घातला.

तो सात वर्षं भोकरदनला शिकला. मी सात वर्षं गुरं वळली. सुट्टीला आला की टोपी, सदरा आणि तोंडात 'जनाब', 'तशरीफ'. घरातली सगळी माणसं त्याच्याभोवती. मी दावणीला. अहो, माझ्या म्हशीसुद्धा त्याच्याकडं बघायच्या, असं मला वाटायचं.

पण मी अगदीच आंधळा राहिलो नाही. देवळात पोथी वाचणारे बुवा होते, त्यांच्या मांडीला मांडी लावून मी बाराखडी शिकलो. बालबोध खडाखडा वाचायचो. भाऊ बालबोध वाचताना अडखळायचा, कारण त्याचं सगळं शिक्षण उर्दूत. त्यामुळं गावात काही छापील मराठी आलं की लोक माझ्याकडं यायचे. तेवढी एकच गोष्ट जगात माझी होती, आणि मी ती छातीशी धरून होतो.

लग्नं झाली, वाटण्या झाल्या, दोघांच्या भिंती लागून. माझी बायको साधी, मनात काही ठेवणारी नव्हे. तीच जास्त जाळायची.

"अवो, भावजी कसे शांतपणानं बोलतात! तुम्ही का सारखे अंगावर धावून राह्यले?"

"मंग जाय त्यांच्याच घरी भाकरी थापायला."

ती हसायची. मी दोन दिवस बोलायचो नाही. आता आठवून लाज वाटते, पण त्या वेळी वाटायची नाही, खोटं कशाला सांगू.

असंच चालू असताना जालन्याहून दोन गृहस्थ आले. खादीचे कपडे, एकाच्या खांद्याला झोळी. म्हणाले, आपल्या भागातल्या लोकांची परिषद भरणार आहे जालन्याला. शाळा आपल्या भाषेत असाव्यात, वाचनालयं निघावीत, असलं मागायचं आहे. पारावर बसून त्यांनी सगळं समजावलं, आणि त्यात परिषदेचा अध्यक्ष कसा निवडायचा हेही सांगितलं. आमच्याकडं तोवर कुणी कुणाला निवडलंच नव्हतं. पाटील बापाच्या मागं पाटील, पटवारी बापाच्या मागं पटवारी, आणि वर निजाम. त्यामुळं लोक तोंडं उघडी टाकून ऐकत राहिले.

पद्धत अशी होती. सगळे सभासद जालन्याला कुठं जाणार? म्हणून पाच गावांचा एक गट केला. गटात दर वीस सभासदांमागं एक प्रतिनिधी. आमच्या गटात बराबर साठ सभासद भरले, म्हणजे प्रतिनिधी तीन. हे तिघं जालन्याला जाऊन अध्यक्ष निवडणार. पण आपल्या मनानं नाही. गटात आधी कौल घ्यायचा, की अध्यक्षपदाला जे उभे आहेत त्यांतला कोण हवा. प्रत्येक उमेदवाराच्या माणसांनी आपली तीन नावांची यादी आधी द्यायची, क्रमानं. मग ज्याला जितका कौल पडेल, त्या हिशेबानं त्याच्या यादीतली वरची नावं जाणार. आणि जालन्याला पहिल्या फेरीत त्यांनी त्यालाच मत द्यायचं, फिरायचं नाही. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर दुसऱ्या फेरीला प्रतिनिधी मोकळे.

"म्हंजे आमचा माणूस आमच्या शब्दाला बांधलेला?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"पहिल्या फेरीपुरता."

"मंग दुसऱ्या फेरीला त्यो बिघडणार," म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले.

उमेदवार तिघं. त्यांतल्या एकाला आमच्याकडं कुणी ओळखत नव्हतं, त्याची यादीच आली नाही. राहिले दोन: एक जालन्याचे वयस्क वकील, सरकारशी सबुरीनं घेणारे, दुसरे एक तरुण मास्तर, नोकरी सोडून गावोगाव फिरणारे. मास्तर आमच्या पारावर एकदा बोलून गेल्ते. मी ऐकलं होतं. अंगावर काटा आला होता माझ्या. सात वर्षं गुरांमागं गेलेलं पोरगं शाळेविषयी ऐकतं तेव्हा त्याला काय होतं ते मास्तरांना बराबर ठाऊक होतं.

पण मास्तरांच्या यादीत पहिलं नाव माझ्या भावाचं लागलं. झालं! मी त्याच संध्याकाळी वकिलांच्या बाजूला गेलो. वकिलांशी माझं काही देणंघेणं नव्हतं, त्यांचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. तो तिकडं, म्हणून मी इकडं. वकिलांच्या यादीत पहिलं नाव गावातल्या मोठ्या बागाईतदाराचं, दुसरं भजनी मंडळाच्या विणेकऱ्याचं आणि तिसरं माझं. तिसरं! तिथंही खालीच. पण बोटांवर हिशेब केला. वकिलांना तिन्ही मिळाल्या तर मी जाणार आणि भाऊ घरी बसणार. दोन मिळाल्या तर तो जाणार आणि मी घरी. मधलं काही नाही. एका जागेवर आम्ही दोघं, जसे आज्याच्या अंगणात उभे होतो तसे.

मला तो बिल्ला पाहिजे होता. प्रतिनिधीच्या छातीवर रेशमी फितीचा बिल्ला लावतात, असं झोळीवाले गृहस्थ बोलून गेल्ते. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. बायकोनं मला बिल्ला लावलेला बघावा, बस्स. आणि भाऊ आमच्या भिंतीपलीकडं बसलेला असावा.

तेव्हा चार माणसं जमवायची तरी तहसीलची परवानगी लागायची. अर्ज उर्दूत, आणि सभेत काय काय चालणार त्याचं टिपण सोबत जोडायचं. हे काम कोण करणार? तोच. जालन्याचे ते दोघं गृहस्थ त्याच्या ओट्यावर दोन-तीन तास बसले. ते सांगत होते, तो लिहीत होता. मी माझ्या दारातून बघत होतो. त्यांना दोनदा चहा झाला. माझ्या दारावरून जाताना त्यांनी नुसता नमस्कार केला. मी दिवसभर त्या चहावर जळत होतो. ते काय लिहून राह्यले, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

जाताना त्यांनी नियमांचा छापील मराठी कागद मात्र माझ्या हाती दिला. "सभेत तुम्हीच वाचा," म्हणाले. मी तो रात्री उशाखाली ठेवला.

कौलाचा दिवस माघातला. मारुतीचा पार झाडून घेतला होता. तहसीलनं पाठवलेला एक जवान झाडाला टेकून बसला आणि थोड्याच वेळात पेंगायला लागला. त्या दिवसाच्या सभेला अध्यक्ष म्हणून आमचे वयस्क पाटील, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाराच्या मागं धोतराचा आडोसा केला, आत एक माठ, त्याच्या एका बाजूला ज्वारीची टोपली, दुसऱ्या बाजूला तुरीची. ज्वारी वकिलांची, तूर मास्तरांची. एकेकानं आत जायचं, एक दाणा उचलायचा, माठात टाकायचा, बाहेर यायचं. न वाचता येणाऱ्यालाही जमेल अशी सोय.

साठच्या साठ आले. एकेक जण आत जाऊन आला. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि पाटलांनी माठ पारावर आणायला सांगितला, तर दोघांना उचलावा लागला. वरचं फडकं काढलं. माठ गळ्यापर्यंत भरलेला!

झालं असं, की मारुतीच्या पाराशी माठ मांडलेला, त्यात एक दाणा टाकायला कुणाचा हात होईना. प्रत्येकानं पसा भरून टाकला होता. एका बाईनं तर दोन पसे, कारण धनी आजारी म्हणून त्याच्या बदली ती आल्ती. झोळीवाल्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, एक दाणा म्हणालो होतो ना!"

"एक?" तो दुसऱ्या फेरीवाला म्हातारा उसळला. "देवाच्या दारात एक दाणा? आम्ही काय भिकारी हाय का? चिमणीला टाकायचं म्हटलं तरी मूठ टाकतो."

सगळे त्याच्या बाजूचे. म्हणाले, होऊ द्या, मापानं मोजा! कुणीतरी धावत जाऊन शेराचं माप आणलं. पोरीबाळींनी बसून ज्वारी आणि तूर निवडली. मोजली.  तूर जास्त भरली. नव्या तुरीचा हंगाम, घरोघरी पोती, लोकांनी हात सैल सोडला होता. मापानं गेलं असतं तर मास्तरांच्या दोन जागा, आमची एक, आणि भाऊ पहिला.

मी उभा राहिलो. "न्हाई! बिलकुल न्हाई! नियम म्हणजे नियम. माणशी एक दाणा. हातात मोठा पसा मावतो म्हणून कुणाचं मत मोठं होत न्हाई. पुन्हा कौल घ्या!"

किती बराबर बोललो होतो मी! झोळीवाल्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. भाऊसुद्धा म्हणाला, "त्याचं खरं हाय. पुन्हा घ्या." आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत माझ्या शब्दावर माना हलल्या. ते सुख मला अजून आठवतं.

पुन्हा कौल झाला. आडोशात मी गेलो तेव्हा क्षणभर तुरीच्या टोपलीवर हात गेला, हे खरं. मास्तरांचा आवाज कानात आला. मग बाहेर भावाचा फेटा दिसला आडोशाच्या वरून. मी ज्वारी उचलली.

या वेळी दाणे मोजले ते असे: ज्वारी एक्केचाळीस, तूर एकोणीस.

आता इथं नियमाचं काम होतं. एक्केचाळिसात पूर्ण वीस दोनदा जातात, म्हणजे वकिलांच्या दोन जागा पक्क्या, वर दाणा उरला एक. एकोणिसात पूर्ण वीस जात नाहीत, म्हणजे मास्तरांची पक्की जागा नाही, पण उरलेले दाणे एकोणीस. आणि तिसरी जागा अजून शिल्लक. ती कुणाची?

"जल्दी वाचा बाबा," पाटील म्हणाले. "गुरं सोडायचा वकत झाला."

झोळीवाले पलीकडं जवानाला उठवून त्याच्या वहीवर सही घेत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी कागद उघडला. पाचवं कलम. 'पूर्ण विसांचा वाटा झाल्यावर उरलेली जागा, ज्याचे उरलेले दाणे अधिक असतील त्यास द्यावी.' काळ्या शाईत, स्वच्छ छापलेलं. मी वर पाहिलं. भाऊ समोर उभा, हाताची घडी घालून, शांत. नेहमीसारखा शांत! जणू डावी मूठ उघडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं.

मी वाचलं: "पूर्ण विसांचा वाटा झाल्यावर उरलेली जागा, ज्याचा एकूण कौल मोठा असेल त्यास द्यावी."

दोन-तीन शब्द इकडचे तिकडं. बस्स. एकूण कौल वकिलांचा मोठा. तिन्ही जागा वकिलांच्या. कुणी कागद मागितला नाही. बाकीच्या गावांतले बालबोध वाचता येणारे चार-पाच जण होते, पण ते आमच्याच बाजूचे, आणि आपल्या फायद्याचं ऐकल्यावर कागद कोण मागतो? मास्तरांकडचे थोडं कुरकुरले, पण म्हणाले, नियमच असेल तर काय. झोळीवाल्यांनी येऊन तीन नावं लिहून घेतली. त्यांचे त्या दिवशी अजून दोन गटांचे कौल व्हायचे होते, घाईत आकडे त्यांनी विचारलेच नाहीत. भाऊ माझ्याजवळ आला, माझ्याकडं दोन क्षण बघितलं आणि म्हणाला, "चांगलं झालं. नीट जाऊन ये."

 आनंद झाला, हो. चोरीचा आनंद झाला.

जालन्याला निघताना बायकोनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मांडवाच्या दारात नावं लिहून घेत होते. तिथं बसलेल्या माणसानं आमच्या गटाचं नाव ऐकून मान वर केली.

"तुमच्याकडून जो अर्ज आला तहसीलला, तो कुणी लिहिला हो? अक्षर काय आहे! आले आहेत का ते?"

"न्हाई. आहे आमच्याकडं एक लिहिणारा," मी म्हणालो. लिहिणारा! सख्ख्या चुलतभावाला. पण 'अक्षर' म्हटल्यावर मला पुढं ऐकूच येईना. जिथं जावं तिथं हा माझ्याआधी पोचलेला.

बिल्ला मिळाला. निळी फीत, तिला बारीक टाचणी. मी दिवसातून वीस वेळा खाली वाकून बघितला. अध्यक्षपदाचं मतदान झालं तेव्हा वकिलांना पहिल्याच फेरीत निम्म्याहून कितीतरी जास्त मतं पडली. माझा हात वर गेला काय आणि न गेला काय, काडीचा फरक पडला नाही. विणेकरी शेजारी बसून डुलक्या घेत होता. हरल्यावर मास्तर बोलायला उभे राहिले, पुन्हा शाळेविषयीच बोलले, आणि माझ्या अंगावर पुन्हा काटा आला. गावच्या त्या आडोशात मी त्यांना एक दाणा देऊ शकलो नव्हतो.

घरी आलो तेव्हा बायकोनं बिल्ला हातात घेतला, फीत बोटानं चाचपली. म्हणाली, "लय गोड दिसतो. भावजींना दावला का?"

मी बिल्ला काढून पेटीत टाकला.

पुढच्या सालची गोष्ट. मिरगाच्या आधीचे दिवस. भावाच्या बायकोनं माझ्या बायकोला वाळकाचं बी धाडलं, कागदाच्या पुडीत. बी ओट्यावर ओतलं आणि कागद माझ्यासमोर पडला. उर्दू. ते अक्षर मी हजारांत ओळखलं असतं. उर्दूचं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण कागदाच्या मधोमध रेघा ओढून एक कोष्टक काढलेलं होतं, दोन बाजू, तीन जागा. ते कोष्टक मला कळलं. 

वाटूरच्या फाट्यावर एक शिंपी चाचा बसायचे, मशीनवर. आमच्याकडचे सगळे उर्दू कागद तेच वाचून द्यायचे. मी कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला.

"वाह, क्या हाथ है! किसका है?"

"आधी वाचा तर."

ते वाचू लागले. "हर बीस मेंबर पर एक नुमाइंदा... हर शख्स का एक दाना..." मग बोट खाली सरकलं. "पूरे बीस का हिस्सा होने के बाद जो जगह बचे, वो उसको दी जाए, जिसके बचे हुए दाने ज्यादा हों।" पुढं एक उदाहरणही दिलेलं होतं, कोष्टकासकट. तहसीलच्या अर्जाला जोडायच्या टिपणाचा तो कच्चा मसुदा. जालन्याच्या गृहस्थांनी ओट्यावर बसून सांगितलेला, त्यानं लिहिलेला. दोनदा चहा झाला त्या दिवशीचा.

म्हणजे मी पारावर वाचत होतो तेव्हा त्याला सगळं पाठ होतं.

मी तडक त्याच्या शेतात गेलो. ऊन तापलेलं. तो बांधावर बसून पेरणीच्या तिफणीच्या नळ्यांतली माती काडीनं काढून राह्यल्ता. मी कागद त्याच्यापुढं फेकला.

"हे तूच लिहिलं का?"

"मंग? अक्षर वळखू येईना का?"

बघा! तिथंही अक्षर!

"म्हंजे मी उलटं वाचलं ते तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मंग बोलला का न्हाईस लेका? साठ माणसांत माझं तोंड काळं करायचं होतंस! आता सालभर गंमत बघून राह्यला का माझी?"

त्यानं काडी बाजूला ठेवली.  मग म्हणाला, "आज्याच्या मुठी आठवतात का तुला?"

 आठवत नसतील का?

"त्या दिवशी दाणा आणायला आज्यानं मलाच कणगीकडं धाडलं होतं. मी आणून दिला, त्यानं माझ्यासमोर डाव्या मुठीत धरला. मंग तुला हाक मारली. म्हाताऱ्याच्या ध्यानात न्हाई आलं. माझ्या आलं होतं." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "मी बोललो न्हाई. भोकरदनला पहिल्या रात्री लय रडलो. आत्याला वाटलं घर आठवलं. तू पारावर वाचून राह्यल्ता तवा मला वाटलं, बरं झालं बाबा, सुटलो एकदाचा. आता बराबर झालं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"बराबर? काय बराबर? सात साल शाळा तू घेतली, अन् मला दोन दिवसांचा बिल्ला! हे बराबर कुठल्या नियमानं रे?"

"मंग किती देऊ?" तो म्हणाला. चेष्टेनं नाही, अगदी खरं विचारत होता. "तू सांग. नियम तुलाच येतात."

साठ दाण्यांचा हिशेब मी डोळ्याचं पातं लवायच्या आत केला होता. हा होईना. सात वर्षांच्या किती जागा होतात? माझ्या गुरांमागच्या दुपारी, त्याच्या आत्याच्या घरातल्या रात्री, उरलेले दाणे कुणाचे जास्त? मी तिथं उभा राहिलो, घाम पुसला, फेटा कानावर उतरला होता तो वर केला, आणि कागद उचलून घरी आलो. बायको म्हणाली, "तोंड का उतरलं वो?" मी म्हणालो, ऊन लागलं.

त्यानंतर आम्ही दोघं त्या गोष्टीवर कधी बोललो नाही. निजामी गेली, गावात मराठी शाळा आली, त्याची पोरं आणि माझी पोरं एकाच बाकावर बसली. भाऊ मागच्या साली गेला. मरणातही नंबर त्यानंच आधी लावला. माझ्याकडं त्याचा तो कागद आहे, बिल्ल्याच्या पेटीतच, आणि तो मला अजून वाचता येत नाही.

मी त्या दिवशी बांधावर जाब विचारायला गेलो होतो, माझी चोरी कबूल करायला नव्हे. कबूल त्यानं केली, स्वतःची, आपणहून. म्हणजे त्यातही तोच पहिला! मी घरी येऊन इतकी वर्षं तोंड मिटून बसलो. पारावरचे बाकीचे सगळे गेले, पाटील गेले, विणेकरी गेला, आणि वकिलांच्या तिसऱ्या जागेवर मी प्रामाणिकपणानं गेलो असं समजूनच गेले. पण त्यानं त्याची चोरी सांगितली ती एकट्या मला, बांधावर, कुणी ऐकत नसताना. मी माझी इथं लिहून सगळ्यांना सांगतोय. एवढ्या एका गोष्टीत तरी मी त्याच्या पुढं जावं म्हणतो.